खानदेशातील एकबारी लष्करी बंदुका आणि त्यांचा संग्रह

एकबारी लष्करी बंदूक म्हणजे सैन्यासाठी ठरलेल्या नमुन्याबरहुकूम घडवलेली आणि प्रत्येक बारानंतर नव्याने भरावी लागणारी बंदूक. तिचे दोन मोठे वर्ग पडतात. पहिला वर्ग ठासणीच्या बंदुकांचा. त्यांत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून टाकून गजाने ठासावी लागते. दुसरा वर्ग मागून, म्हणजे कुंद्याच्या बाजूने, काडतूस घालायच्या बंदुकांचा. १८८८ साली ब्रिटिश सैन्यात ली-मेटफर्ड ही काडतुसांच्या पेटीची रायफल आली आणि एकबारी बंदुकीचा आघाडीवरचा काळ सरत गेला. संग्राहकाला त्यामुळे एक आटोपशीर कालखंड मिळतो: अठराव्या शतकाच्या मध्यापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत. शिकारीच्या दुनळी, हौसेने मढवलेल्या दरबारी बंदुका आणि गावठी बनावटीची हत्यारे या वर्गात बसत नाहीत.

खानदेशात या बंदुका कशा आल्या, हे पाहायचे तर १८१८ सालापासून सुरुवात करावी लागते. त्या वर्षी सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेने तापीकाठचा थाळनेरचा किल्ला घेतला आणि किल्लेदार तुळशीराम मामा यांना फाशी दिले. त्याच वर्षी मालेगावच्या किल्ल्यातील अरब शिबंदीने इंग्रजांना कडवी झुंज दिली. मालेगाव तेव्हा खानदेशातच मोडत असे. या शिबंदीचे मुख्य हत्यार तोड्याची बंदूक. पेटती जामगी खटक्याला अडकवलेली असे. चाप ओढला की ती कानाजवळच्या रंजकावर टेके आणि रंजकाची आग छिद्रातून नळीतल्या दारूला लागे. पावसात ती कुचकामी, रात्री जामगीच्या ठिणगीने शत्रूला जागा दाखवणारी. पण नळी लांब, नेम चांगला आणि दुरुस्ती गावच्या लोहाराच्या आवाक्यातली. सरकारी नमुन्याची नसल्यामुळे काटेकोर व्याख्येत ती बसत नाही. तरीही खानदेशाच्या संग्रहातून तिला वगळणे चुकीचे ठरेल, कारण तटाच्या आतल्या माणसांच्या हाती तीच होती.

तटाबाहेरच्यांच्या हाती कंपनीची चकमकीची बंदूक होती. इंग्रज शिपाई तिला ब्राउन बेस म्हणत. कंपनीने हिंदुस्थानासाठी तिचा आखूड नमुना करून घेतला. त्याची नळी ३९ इंच, नळीचे माप साधारण ०.७५ इंच आणि आतला भाग गुळगुळीत. पुढे फ्रान्सशी युद्ध पेटले तेव्हा घाईने बंदुका हव्या होत्या, म्हणून ब्रिटिश सरकारनेही हाच नमुना आपलासा केला. शंभर पावलांपलीकडे नेम धरून मारण्याचे हे हत्यार नव्हे. रांगेने उभे राहून एकदम बार काढायचा आणि मग संगीन चढवून चाल करायची, अशी तिची रीत. तिच्या चापपट्टीवरची, म्हणजे चापाच्या यंत्रणेवरील लोखंडी पट्टीवरची, खूण मात्र फार बोलकी असते. सुरुवातीच्या बंदुकांवर कंपनीचे चौभागी हृदयचिन्ह आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून त्या जागी मागच्या पायांवर उभा असलेला सिंह दिसतो. एवढ्या एका खुणेवरून बंदुकीचा काळ वीस-पंचवीस वर्षांच्या टप्प्यात पकडता येतो.

१८२५ साली लेफ्टनंट जेम्स आउट्रमने खानदेश भिल्ल कोअर उभी केली. तिचे ठाणे आजच्या जळगाव जिल्ह्यातील धरणगावात होते. सातपुड्यात आणि सातमाळ्यात इंग्रजांना जेरीस आणणाऱ्या भिल्लांपैकीच माणसे निवडून, त्यांना गणवेश, पगार आणि कवायत देऊन, त्यांच्याच डोंगरांचा बंदोबस्त त्यांच्याकडून करवून घ्यायचा, असा हा बेत. पिढ्यान्‌पिढ्या तीरकामठा वापरणाऱ्या माणसाच्या हाती कंपनीच्या कोठारातली बंदूक पडली ती अशी. या प्रदेशातील लष्करी बंदुकांच्या इतिहासात ही घटना पायाभूत मानावी लागते. सैन्याने वापरून जुनी झालेली बंदूक स्थानिक दलाकडे, तिथून पोलिसांकडे आणि शेवटी पहारेकऱ्याकडे, अशी उतरंड पुढे शंभर वर्षे टिकली. खानदेशात सापडणारी बंदूक बहुधा या उतरंडीच्या खालच्या पायऱ्यांवरची असते. ती झिजलेली असते, तिचे भाग बदललेले असतात, कुंद्यावर एकाहून अधिक क्रमांक ठोकलेले असतात. केवळ देखणेपणा पाहणारा संग्राहक अशी बंदूक बाजूला सारतो आणि तिथेच तिचा इतिहास हरवतो.

१८४० च्या सुमारास चकमकीची जागा तांब्याच्या टोपीने घेतली. टोपीत स्फोटक मिश्रणाचा थर असतो. घोडा तिच्यावर आपटला की आग थेट नळीत जाते. पावसाची अडचण त्यामुळे पुष्कळशी दूर झाली. खरा पालट झाला तो १८५३ च्या एन्फिल्ड रायफलीने. नळीचे माप ०.५७७ इंच, आत तीन पिळदार खाचा, एकूण लांबी ५५ इंच, वजन सव्वाचार किलोच्या आसपास. तिची शिशाची गोळी बुडाशी पोकळ असे. बार उडाला की बूड फुगे आणि खाचांत घट्ट बसे. गोळी नळीत सहज उतरायची आणि बाहेर पडताना पिळाने फिरत जायची. आधीच्या बंदुकीच्या मानाने तिचा पल्ला आणि नेम कितीतरी पट वाढला. याच रायफलीचे चरबी लावलेले कागदी काडतूस दातांनी फोडावे लागे. त्या चरबीत गाईची आणि डुकराची चरबी असल्याच्या समजुतीने १८५७ च्या उठावात ठिणगी पडली, हे सर्वांना ठाऊक आहे.

खानदेशात तो उठाव सातपुड्याच्या कडेने झाला. मुंबई–आग्रा रस्त्यावरील सेंधवा घाटाच्या रखवालीवर असलेले खाज्या नाईक आणि त्यांचे साथीदार भीमा नाईक यांनी भिल्लांना एकत्र केले. मकराणी आणि अरब शिपाईगडीही त्यांना मिळाले. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीच्या डोंगरात मोठी लढाई झाली. एका बाजूला सरकारी नमुन्याच्या बंदुका, दुसऱ्या बाजूला तोड्याच्या बंदुका आणि तीरकामठे. भिल्ल कोअर या काळात इंग्रजांच्या बाजूने राहिली. भीमा नाईकांना पुढे अंदमानात पाठवण्यात आले. या लढाईचे वर्णन आतापर्यंत मुख्यतः इंग्रजी दप्तरांच्या आधारे झाले आहे. तिथे वापरलेल्या हत्यारांपैकी एखादे खात्रीलायक पूर्ववृत्तासह हाती आले, तर त्याचे मोल राजवाड्यातल्या सोन्याने मढवलेल्या बंदुकीपेक्षा जास्त धरावे.

१८५७ नंतर इंग्रजांनी घेतलेला एक निर्णय आजही पोलादात वाचता येतो. देशी पलटणींना पिळाची रायफल द्यायची नाही असे ठरले. मग १८५८ आणि १८५९ चे खास नमुने निघाले. बाहेरून ती हुबेहूब एन्फिल्ड: तीच लांबी, तोच कुंदा, नळीवर तसेच तीन पट्टे. आतून मात्र नळी गुळगुळीत, माप वाढवून ०.६५६ इंच केलेले आणि मागचा नेम अंतरानुसार वरखाली न होणारा, कायमचा बसवलेला. १८५८ च्या नमुन्यात नळीची भिंत फारच पातळ झाली होती, म्हणून पुढच्या वर्षी ती जाड करण्यात आली. गोऱ्या शिपायाच्या बंदुकीचा पल्ला आणि देशी शिपायाच्या बंदुकीचा पल्ला यांत हा मुद्दाम ठेवलेला फरक होता. अविश्वासाचे धोरण इतक्या उघडपणे वस्तूत उतरल्याचे उदाहरण शस्त्रांच्या इतिहासात विरळा. भारतीय संग्राहकाने एकच एकबारी बंदूक बाळगायची असे ठरवले, तर ती ही असावी. अनेकदा ती साधी एन्फिल्ड म्हणून नोंदली जाते. नळीच्या तोंडात प्रकाश टाकून खाचा आहेत की नाहीत हे पाहणे आणि तोंडाचे माप घेणे, एवढ्यावर ओळख पटते. नळीच्या खाचा वापराने झिजल्या असल्या तरी त्यांचा माग राहतो. या नमुन्यात तो मुळीच दिसत नाही.

१८६६ साली ब्रिटिश सैन्याने स्नायडर पद्धत स्वीकारली. जेकब स्नायडर या अमेरिकन माणसाची युक्ती काटकसरीची होती: आहे तीच एन्फिल्ड घ्यायची, नळीचा मागचा भाग कापायचा आणि तिथे बिजागरीवर बाजूला उघडणारा ठोकळा बसवायचा. ठोकळा उघडून पितळी काडतूस घालायचे, बंद करायचे, घोडा ओढून बार काढायचा. मग ठोकळा उघडून मागे खेचला की रिकामे कवच बाहेर येई आणि बंदूक उलटी करून ते खाली पाडावे लागे. मिनिटाला तीन बारांऐवजी दहाच्या आसपास बार निघू लागले. पडून, आडोशाने भरता येऊ लागले, हा फायदा तर वेगापेक्षाही मोठा. १८६८ च्या ॲबिसिनियाच्या मोहिमेत मुंबईहून गेलेल्या फौजेतील गोऱ्या पलटणींकडे स्नायडर होती. त्यांच्या शेजारी लढणाऱ्या देशी शिपायांकडे ठासणीची बंदूक होती.

स्नायडर देशी पलटणींपर्यंत पोहोचली तोवर गोऱ्या पलटणींकडे मार्टिनी-हेन्री आली होती. १८७१ साली स्वीकारलेली ही रायफल एकबारी लष्करी बंदुकांचा कळस मानली जाते. तिची रचना अमेरिकेतील पीबॉडी यांच्या कल्पनेवर स्वित्झर्लंडमधील फ्रेडरिक फॉन मार्टिनी यांनी सुधारून बसवली. नळीतल्या सात खाचांची रचना एडिनबरोच्या अलेक्झांडर हेन्री यांची. चापामागची कडी खाली ओढली की आतला ठोकळा पुढच्या टोकाने खाली झुकतो, रिकामे कवच मागे फेकले जाते आणि आतला खटका आपोआप चढतो. नवे काडतूस सरकवून कडी वर घेतली की बंदूक तयार. बाहेर घोडा नाहीच. खटका चढला आहे की नाही हे उजव्या अंगाच्या थेंबाच्या आकाराच्या छोट्या दर्शकावरून कळते. काडतुसात ८५ ग्रेन काळी दारू आणि ४८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमची, शिशाची गोळी. खांद्याला बसणारा धक्का जबर. सुरुवातीची काडतुसे पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली असत. तापलेल्या नळीत आणि वाळूधुळीत ती अडकत, पत्रा फाटे आणि ऐन लढाईत बंदूक बंद पडे. सुदानच्या मोहिमेत याचा फार जाच झाला. पुढे अखंड पितळी कवचाची काडतुसे आली.

२७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंदची लढाई झाली. मुंबई लष्कराच्या इतिहासातला तो काळा दिवस. त्या रणांगणावर ६६ व्या गोऱ्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री होती, तर मुंबई ग्रेनेडिअर्स आणि जेकब्स रायफल्स या देशी पलटणींकडे स्नायडर. एकाच रांगेत उभ्या असलेल्या माणसांची काडतुसेही एकमेकांना चालत नव्हती. गोऱ्यांकडे ली-मेटफर्ड आल्यावर मार्टिनी देशी पलटणींना मिळाली. १२ सप्टेंबर १८९७ रोजी सारागढीच्या चौकीवर ३६ व्या शीख पलटणीचे २१ जवान लढले, ते मार्टिनी-हेन्री घेऊनच. ब्राउन बेसपासून मार्टिनीपर्यंतचा क्रम लावताना साल आणि नमुना यांच्यासोबत कोणाच्या हाती, हा तिसरा रकाना ठेवल्याशिवाय भारतीय संग्रह पुरा होत नाही.

बाहेरच्या देशांतही याच काळात अशीच धावपळ चालली होती. प्रशियाची ड्रायझे सुई-बंदूक १८४१ ची, फ्रान्सची शासपो १८६६ ची, जर्मनीची माउझर १८७१ ची, अमेरिकेची झडपेची स्प्रिंगफिल्ड १८७३ ची. १८८६ साली फ्रान्सने बिनधुराच्या दारूची लेबेल आणली आणि या सगळ्या एका झटक्यात जुन्या ठरल्या. खानदेशात यांपैकी काही सापडण्याचा संभव नगण्य असल्याने त्यांचा अधिक विस्तार नको.

एकबारी बंदुकीची एक उत्तरशाखा मात्र इथे विसाव्या शतकातही जिवंत राहिली. बंगालमधील इशापूरच्या रायफल कारखान्याने ली-एन्फिल्ड रायफलीची काडतूसपेटी लाकडी ठोकळ्याने बुजवून आणि नळी गुळगुळीत करून ०.४१० मापाची मस्केट तयार केली. ती पोलिस आणि पहारेकरी यांच्यासाठी. प्रत्येक बाराला एक काडतूस हाताने घालायचे; तिचे काडतूस वेगळे आणि पल्ला कमी. ती कोणी पळवली तरी सैन्याविरुद्ध फारशी उपयोगी पडू नये, हा हेतू. १८५९ चीच युक्ती ब्रिटिशांनी पुन्हा वापरली होती. स्वातंत्र्यानंतरही अनेक वर्षे राज्याराज्यांच्या पोलिसांच्या खांद्यावर ही मस्केट दिसे. प्राचीन वस्तू म्हणून तिला मान्यता नाही, पण शेवटची कडी म्हणून सार्वजनिक संग्रहात तिची जागा निश्चित आहे.

भारतात खासगी घरांत जुन्या लष्करी बंदुका इतक्या कमी का, याचे उत्तर १८७८ च्या शस्त्र कायद्यात आहे. व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीतल्या या कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरवले आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. या अपमानाविरुद्ध राष्ट्रीय सभेने वर्षानुवर्षे ठराव केले. जहागीरदार, देशमुख, पाटील यांच्या घरांतील बंदुका एक तर परवान्यावर चढल्या, किंवा जमा झाल्या, किंवा धान्याच्या कणगीमागे गंजल्या. पारोळ्याच्या किल्ल्यासारखी ठिकाणे तर १८५७ च्या धामधुमीनंतर, १८५९ मध्येच, सरकारने ताब्यात घेतली होती. स्वातंत्र्यानंतरच्या १९५९ च्या शस्त्र कायद्याने १८७८ चा कायदा रद्द केला. त्याच्या १३ व्या कलमात पीकसंरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी रानडुकरांपासून ज्वारी-मका राखणाऱ्या शेतकऱ्यांकडे असे परवाने असत. अशा बंदुकांपैकी काही नव्या घडणीच्या, तर काही जुन्या लष्करी नळीवर नवा कुंदा चढवलेल्या असू शकतात. नळीच्या मागच्या भागावरचे ठसे काळजीने पाहिल्याशिवाय हा फरक कळत नाही.

याउलट नेपाळचे उदाहरण आहे. काठमांडूच्या लगन सिलेखाना या जुन्या राजवाड्यात नेपाळी सैन्याने निकामी बंदुका पिढ्यान्‌पिढ्या रचून ठेवल्या होत्या. २००३ च्या सुमारास दोन अमेरिकन कंपन्यांनी तो साठा विकत घेतला. बंदुकांची संख्या पन्नास हजारांच्या घरात होती. त्यांत कंपनीच्या सिंहचिन्हाच्या बंदुका, ठासणीची ब्रन्सविक रायफल, एन्फिल्ड, स्नायडर, मार्टिनी आणि नेपाळमध्येच घडवलेली गहेंद्र रायफल होती. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यानुसार १८९८ पर्यंत घडवलेली बंदूक प्राचीन धरली जाते आणि तिला बंदुकीचे नियम लागत नाहीत, म्हणून हा सगळा माल तिथे खुला विकला गेला. त्यामुळे दक्षिण आशियातल्या एकबारी बंदुकांचा अभ्यास एकदम पुढे गेला, हे मान्य केले पाहिजे. पण त्या अभ्यासाची साधने आता समुद्रापार हजारो घरांत विखुरली आहेत आणि इथल्या विद्यार्थ्याला ती छायाचित्रांतच पाहावी लागतात, हे नुकसानही लहान नाही.

हाती आलेली बंदूक वाचण्याची एक रीत आहे. आधी चापपट्टी पाहावी. राजमुकुट, त्याखाली व्ही आणि आर ही अक्षरे, मग कारखान्याचे नाव आणि साल, हा सरकारी बनावटीचा नेहमीचा क्रम. एन्फिल्ड हे सरकारी कारखान्याचे नाव. बर्मिंगहॅम आणि लंडनच्या खासगी कारखान्यांच्या खुणा वेगळ्या. मग रुंद बाणाची खूण शोधावी. ब्रिटिश सरकारच्या मालकीची ती निशाणी. बाणाखाली आय अक्षर असेल तर बंदूक हिंदुस्थान सरकारच्या भांडारातली. त्यानंतर नळी, चापपट्टी, कुंदा आणि गज यांवरचे क्रमांक एकमेकांशी जुळतात का, ते तपासावे. कुंद्यावरची पितळी बिल्लेवजा पट्टी, दस्त्याच्या लोखंडावरचे पलटणीचे अंक, लाकडात कोरलेली देवनागरी किंवा मोडी अक्षरे यांची जशीच्या तशी नोंद करावी. मोडी अक्षरे हा विशेष मौल्यवान पुरावा, कारण ती इथल्याच वापराची साक्ष देतात.

खोट्या बंदुकांपासून सावध राहावे लागते. खैबर खिंडीच्या परिसरातील कारागिरांनी शंभर वर्षांहून अधिक काळ मार्टिनी आणि एन्फिल्डच्या नकला केल्या. त्यांची कारागिरी थक्क करणारी असते, पण ठशातली अक्षरे उलटी पडलेली, स्पेलिंग चुकलेले, किंवा व्हिक्टोरिया राणीच्या अक्षरांखाली ती वारल्यानंतरचे साल, अशा चुका त्यांत आढळतात. अशी नक्कल गोळी झाडण्यास अत्यंत धोकादायक असते. अभ्यासाची वस्तू म्हणून मात्र ती टाकाऊ नाही.

कायद्याची बाजू प्रत्येकाने नीट समजून घ्यावी. भारतात केवळ जुनी असल्यामुळे बंदूक परवानामुक्त होत नाही. १९५९ च्या कायद्याच्या ४५ व्या कलमात सूट आहे, ती जुन्या नमुन्याच्या, प्राचीन मोलाच्या किंवा मोडक्या अशा शस्त्राला, जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही. दुरुस्त करूनही हे शब्द निर्णायक आहेत. चाप तुटलेली पण नळी शाबूत असलेली मार्टिनी या सवलतीत बसेलच असे नाही. तो निर्णय मालकाने स्वतः न करता जिल्हा प्रशासनाकडून लेखी घ्यावा. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि वारशाने आलेल्या शस्त्रांनाही हीच मर्यादा लावली. दुसरा कायदा १९७२ चा, पुरावस्तूंबाबतचा. शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरते, तिच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणून इथे हौशी माणसाने बंदुका जमवण्याचा छंद परदेशी पुस्तके वाचून सुरू करू नये. नोंदी, छायाचित्रे, ठशांचे कागदी छाप, जुने परवाने, रिकामी कवचे (तीही कायदेशीर सल्ला घेऊन) आणि तोंडी आठवणी यांचा संग्रह प्रत्येकाला करता येतो. खानदेशाच्या इतिहासाला आज त्याचीच जास्त निकड आहे.

जुन्या ठासणीच्या बंदुकीबाबत जिवाचा धोका असतो आणि तो पुष्कळांना माहीत नसतो. अशा कित्येक बंदुका भरलेल्या अवस्थेतच भिंतीवर टांगल्या गेल्या. काळी दारू म्हणजे ७५ भाग शोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. कोरडी राहिली तर शंभर वर्षांनंतरही ती पेटते. बंदूक भरलेली आहे का, हे तपासण्याची रीत जुनीच आहे. नळीचे तोंड माणसांपासून दूर ठेवून लाकडी काठी आत तळापर्यंत सोडावी, तोंडाशी खूण करावी, मग तीच काठी बाहेरून नळीवर ठेवून खूण तोंडाशी जुळवावी. काठीचे टोक कानाच्या छिद्राच्या बरेच अलीकडे थांबत असेल तर आत दारू-गोळी आहे, असे समजावे. अशी बंदूक घरी रिकामी करण्याचा प्रयत्न करू नये. पोलिसांना आणि जाणकाराला बोलवावे.

जतनाच्या बाबतीत सर्वांत मोठा शत्रू म्हणजे चकाकी. शिकलगाराकडून घासून चकचकीत केलेली बंदूक घरच्यांना आवडते, पण त्या घासण्यात चापपट्टीचे साल, सिंह, बाण, क्रमांक सगळे उडून जाते. लोखंडावरची तपकिरी साय राखावी. फक्त जिवंत, भुरभुरणारा लाल गंज मऊ कापड आणि हलक्या तेलाने हळूहळू काढावा. काळ्या दारूचा उरलेला मळ हवेतले पाणी ओढून घेतो, त्यामुळे नळी आतून आधी सडते. लाकडाला उकळलेल्या जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात पुरतो. चामड्याच्या म्यानात किंवा खोळीत बंदूक कधी ठेवू नये, कारण चामडे कमावण्याची रसायने लोखंड खातात. खानदेशाचा उन्हाळा लाकूड तडकवतो आणि पावसाळा लोखंड गंजवतो, म्हणून बाहेरच्या भिंतीपासून दूर, हवेशीर आणि एकसारख्या तापमानाची जागा निवडावी. दसऱ्याच्या शस्त्रपूजनात हळद-कुंकू आणि पाणी वाहण्याची प्रथा आदरणीय आहे. पूजा झाल्यावर त्याच संध्याकाळी बंदूक कोरड्या कापडाने पुसून तेलाचा हात दिला तर श्रद्धा आणि वस्तू दोन्ही टिकतात.

संस्थांचा विचार केला तर महाराष्ट्रात शस्त्रांचे सार्वजनिक संग्रह आहेत: मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय, कोल्हापूरचा नवा राजवाडा, नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय. त्यांत भर तलवारी, कट्यारी आणि शोभेच्या बंदुकांवर दिसतो. शिपायाच्या साध्या बंदुकीला कोपऱ्यातली जागा मिळते. धुळ्याची परिस्थिती वेगळ्या अर्थाने अनुकूल आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झाले आणि लगेच जानेवारी १९२७ मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे राहिले. गावोगाव फिरून, माळ्यावरची दप्तरे उतरवून, चिटोऱ्यालाही साधन मानण्याची शिस्त राजवाड्यांनी घालून दिली. तीच शिस्त वस्तूंना लावता येते. जळगाव जिल्ह्यात दुसरे बळ आहे: वरणगावचा १९६४ सालचा दारूगोळा कारखाना आणि भुसावळचा १९४९ चा आयुध कारखाना. लहान शस्त्रांची काडतुसे बनवण्यात आयुष्य घालवलेले निवृत्त कारागीर तिथल्या गावांत राहतात. पितळी कवच पाहून ते कोणत्या पद्धतीने ओढले आहे हे सांगू शकणारी ही माणसे आहेत, आणि त्यांच्या ज्ञानाची नोंद घेण्याचे काम कोणत्याही परवान्याशिवाय उद्या सकाळी सुरू करता येण्यासारखे आहे.

दरम्यान वस्तू नष्ट होत आहेत. परवानाधारक वारला की वारस कटकट नको म्हणून बंदूक ठाण्यात जमा करतात. जमा झालेली, जप्त झालेली आणि निकामी ठरलेली शस्त्रे ठरावीक काळाने तोडून वितळवली जातात. कायदा-सुव्यवस्थेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण त्या ढिगात १८५९ ची गुळगुळीत नळीची बंदूक आहे की कालपरवाची गावठी, हे वितळवण्यापूर्वी कोणी पाहत नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनाने अशी शस्त्रे नष्ट करण्याआधी पुरातत्त्व विभागाच्या जाणकाराकडून एकदा तपासून घ्यावीत, ऐतिहासिक ठरतील त्यांची नळी कायमची बंद करून ती सार्वजनिक संग्रहाकडे द्यावीत. आणि ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांची परवान्याची बंदूक आहे त्यांनी ती जमा करण्याआधी चापपट्टीचे, नळीवरच्या ठशांचे आणि कुंद्याचे छायाचित्र घ्यावे, ती घरात कशी आली हे वडीलधाऱ्यांना विचारून तारीख घालून लिहून ठेवावे, आणि जुन्या परवान्याच्या नकलेसह तो कागद जवळच्या संशोधन मंडळाकडे पोहोचवावा.